पैसा देस कोन?

[दृश्य: तालुक्याचं गाव. तहसील कचेरीसमोर सेवा केंद्रांची रांग. फलकांवर सातबारा, पॅन कार्ड, पीक विमा, रेल्वे तिकीट.]

खान्देशात इंटरनेटवर पोट भरणारा माणूस बघायचाय? मग यूट्यूब राहू द्या बाजूला, आधी तहसील कचेरीसमोर या.

जळगाव घ्या, धुळे घ्या, नंदुरबार घ्या. कचेरीच्या फाटकापुढे हे दुकान असतंच. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, अंगठ्याचं मशीन आणि बाहेर बाकावर टेकलेली माणसं. डिजिटल सहीच्या सातबाऱ्याचं सरकारी शुल्क 15 रुपये. शेतकऱ्याला तो स्वतःच्या मोबाइलवर काढता येतो. पण ओटीपी येईना, गट नंबर आठवेना, साइट मध्येच बसली, या कटकटीपायी तो वर चार पैसे देतो आणि कागद घेऊन मोकळा होतो. दुकानदार विकतो ते आपला हात आणि आपला वेळ.

2023च्या खरिपात एक रुपयात पीक विमा आला. शेतकऱ्यानं भरायचा 1 रुपया, आणि सेवा केंद्राला प्रत्येक अर्जामागे विमा कंपनीकडून 40 रुपये. म्हणजे समोर उभा आहे तो गिऱ्हाईक वेगळा आणि पैसे देणारा वेगळा. तरीही शेतकऱ्याकडून वरचे पैसे उकळल्याच्या तक्रारी झाल्याच. 2025च्या खरिपापासून ही एक रुपयाची योजना बंद झाली.

कुणी पोरगा घरी येऊन सांगतो, "आप्पा, मी ऑनलाइन कमावतो." आप्पा चष्म्यावरून बघतात आणि एकच विचारतात, "पन पैसा देस कोन?" म्हणजे, पण पैसे देतो कोण?

पुढची काही मिनिटं आपण आप्पांचाच प्रश्न घेऊन फिरणार आहोत.

[दृश्य: कपाशीचं शेत. बांधावर ट्रायपॉड, त्यावर मोबाइल. नऊवारीतली सासू, गॉगल घातलेला जावई.]

"कथा जाई राह्यना भो?" (कुठे चाललास भाऊ?)

"सासरवाडीले!"

"कट!" मागून बैलगाडी आली. पुन्हा पहिल्यापासून.

अहिराणी ही खान्देशची बोली. अहिराणी विनोद आणि अहिराणी गाणी यांचा यूट्यूबवर मोठा बाजार आहे. प्रेक्षक फक्त चोपडा-शिरपूरचा नाही. पोटापाण्यासाठी सुरतेला गेलेला, कल्याण, नाशिक, पुण्यात स्थिरावलेला खान्देशी माणूस रात्री जेवण झाल्यावर हेच लावतो. त्याला ते फुकट दिसतं. पैसे देतो जाहिरातदार.

व्हिडिओ सुरू होण्याआधी त्या जागेसाठी लिलाव होतो, डोळ्यांचं पातं लवायच्या आत. हा बघणारा कुठल्या शहरात आहे, कुठल्या भाषेत बघतो, काय विकत घेण्याची शक्यता आहे, यावर बोली लागते. जाहिरातीतून आलेल्या कमाईतले 55 टक्के चॅनलवाल्याला, 45 टक्के यूट्यूबला. शॉर्ट्सचा हिशोब निराळा: तिथे पैसा एका गंगाजळीत जमा होतो आणि चॅनलच्या वाट्याला जे येतं त्याचे 45 टक्के हातात पडतात. म्हणूनच लाख-लाख व्ह्यूजचे शॉर्ट्स टाकणारा पोरगा हातात आलेली रक्कम सांगताना जरा घुटमळतो.

बाजार समितीत ज्याची हयात गेली त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. माल शेतकऱ्याचा, मधे अडत्या. जागा त्याची, काटा त्याचा, हिशोबपट्टीही तोच लिहिणार. यूट्यूब काय, विक्रीचं ॲप काय, सगळे असेच मधे बसलेले. फक्त गावच्या अडत्याशी उभ्या उभ्या भांडता येतं, इथे भांडायला समोर माणूसच नसतो.

आणि या अडत्याच्या दारात शिरायलाही अट आहे. जाहिरातीचा वाटा हवा तर 1000 सदस्य (सबस्क्रायबर), आणि मागच्या 12 महिन्यांत लोकांनी 4000 तास व्हिडिओ पाहिलेले. नाहीतर 90 दिवसांत शॉर्ट्सचे 1 कोटी व्ह्यूज. 500 सदस्यांवरही एक छोटं दार उघडतं, पण तिथे प्रेक्षकांनी स्वखुशीनं दिलेले पैसेच मिळतात, जाहिरातीचे नाही.

[दृश्य: गावातला पोस्टमन. हातात साधं पांढरं पाकीट.]

या सगळ्या डिजिटल कारभारात एक गोष्ट मात्र टपालानं येते. खात्यावर 10 डॉलर जमले की गुगल घरच्या पत्त्यावर सहा आकडी पिन पाठवतं. पत्ता खरा आहे का, हे तपासायला. आता खेड्यातला पत्ता कसा असतो? 'मारुती मंदिरामागे, मु. पो. अमुक'. पाकीट कधी येतं, कधी शेजारच्या वाडीत आडनावबंधूकडे जातं. चार महिन्यांत पिन भरला नाही तर जाहिराती दिसणं थांबतं. ज्या पोरानं कधी पोस्टमनला नाव विचारलं नाही, तो त्या दिवसांत रोज पारावर त्याची वाट बघत बसतो. पिन आला तरी 100 डॉलर जमेपर्यंत पैसे खात्यात येत नाहीत. जमले, की पुढच्या महिन्याच्या 21 ते 26 तारखेच्या दरम्यान निघतात.

दिवाळीच्या तोंडावर जाहिरातदार हात सैल सोडतात, जानेवारीत मूठ आवळतात. व्ह्यूज तेवढेच राहूनही कमाई उतरते. भावाचं कारण आपल्याला कुणी सांगत नाही, हे कापूस उत्पादकाला नव्यानं शिकवायला नको.

म्हणून हुशार मंडळी जाहिरातीच्या वाट्यावर विसंबत नाहीत. डिस्क्रिप्शनमध्ये मोबाइल नंबर टाकलेला असतो. लग्नसराईत हळदीला गायला बोलावतात, कानबाई या खान्देशी देवीच्या कार्यक्रमाला बोलावतात, नव्या ट्रॅक्टर शोरूमच्या उद्घाटनाला बोलावतात. गावातला सराफ, बी-बियाण्याचा दुकानदार थेट पैसे देऊन व्हिडिओत आपलं नाव घ्यायला सांगतो. या व्यवहारात अडत्या नसतो. माझं मत विचाराल तर खान्देशी यूट्यूबरचा खरा धंदा हाच. व्हिडिओ ही त्याची पाटी.

कमिशनचं थोडक्यात. व्हिडिओखाली एखाद्या फवारणी पंपाची लिंक द्यायची, त्या लिंकवरून कुणी घेतला तर किमतीतले काही टक्के मिळतात. ॲमेझॉननं ही पद्धत 1996 साली सुरू केली, तेव्हा आपल्याकडे इंटरनेट जेमतेम पोचलं होतं. यात पैसे देतो विकणारा. त्यामुळे पंप चांगला आहे म्हणून शिफारस आहे की टक्केवारी चांगली आहे म्हणून, हे बघणाऱ्यानं ओळखायचं. पैसे घेऊन शिफारस केली असेल तर तसं स्पष्ट सांगणं आता बंधनकारक आहे. पाळणारे पाळतात.

रमी आणि पैशांच्या फँटसी गेमच्या जाहिरातींवर कित्येक चॅनल चालत होते. ऑगस्ट 2025मध्ये संसदेनं कायदा करून पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ आणि त्यांच्या जाहिराती, दोन्हींवर बंदी घातली. एका झटक्यात हा पैसा आटला.

[दृश्य: उन्हाळा. गच्चीवर खाटा, खाटांवर ओली कापडं, कापडांवर बिबडे. बायका वाकून थापताहेत.]

आता माल विकणाऱ्यांकडे. इथे प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: पैसे देतो घेणारा. पण त्याच्या खिशापासून आपल्या हातापर्यंत पैसा किती ठिकाणी गळतो, ते बघा.

बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड. ज्वारी भिजवायची, भरडायची, तीळ-जिरं-लसूण-मिरची घालून शिजवायची, आणि ऊन चढायच्या आत कापडावर थापून मोकळं व्हायचं. बचत गटातल्या ताई व्हॉट्सॲपवर फोटो टाकतात, पुण्याची भाची तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकते, यूपीआयनं पैसे येतात. त्या यूपीआयवर शुल्क नाही. इथवर सगळं गोड.

घोडं अडतं कुरिअरच्या काट्यावर. कुरिअरवाला नुसतं वजन करत नाही, खोकंही मोजतो. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि सहसा 5000नं भागायचं. 30 बाय 30 बाय 20चं खोकं घेतलं की उत्तर येतं 3.6. आत बिबडे किलोभर. पण पैसे 3.6 किलोचे. कारण खोक्यात अर्धी हवा असते. बिबडे घट्ट भरावेत तर चुरा होतो. सैल भरावेत तर भाडं वाढतं. काळा मसाला, उडदाची डाळ, कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ यांना हा जाच नाही. म्हणून ज्यांना हे उमगलंय त्या ताई बिबड्यांचे फोटो टाकून गिऱ्हाईक जोडतात आणि पार्सल मसाल्याचं जास्त पाठवतात.

मोठ्या ॲपवर गेलं की आणखी नवी गणितं. मीशो 2015 साली सुरू झालं, 2021मध्ये त्यांनी विक्रेत्यांकडचं कमिशन शून्यावर आणलं. मग कंपनी जगते कशावर? माल पोचवण्याच्या व्यवस्थेवर आणि विक्रेत्यांनी दिलेल्या जाहिरातींवर. तुमचा मसाला यादीत वर दिसायला हवा ना, मग मोजा पैसे. वर 'घरी आल्यावर पैसे देईन' म्हणणारं गिऱ्हाईक दार उघडत नाही आणि खोकं परत येतं, तो भुर्दंड वेगळाच.

[दृश्य: नवापूर रेल्वे स्टेशन. फलाटावरचा बाक, त्यावर मधोमध रेघ: एका बाजूला महाराष्ट्र, दुसऱ्या बाजूला गुजरात.]

भुसावळ-सुरत मार्गावरचं हे नवापूर. स्टेशनातून दोन राज्यांची हद्द जाते. एकाच बाकावर बसलेली दोन माणसं दोन राज्यांत असू शकतात. लोक इथे फोटो काढतात आणि पुढे जातात. पण नवापूरच्या तूर डाळीची पाकिटं ऑनलाइन विकणाऱ्या माणसाला ही रेघ रोज नडते. या डाळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वर्षी जळगावची केळी आणि भरताची वांगीही त्या यादीत गेली.

1 ऑक्टोबर 2023पासून छोट्या विक्रेत्याला एक सवलत आहे. वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी न करता, फक्त पॅनवर एक क्रमांक घेऊन, ॲपवर माल विकता येतो. अट एकच: माल राज्याबाहेर पाठवायचा नाही. म्हणजे नवापूरचा माणूस पाकीटबंद डाळ थेट गडचिरोलीला पाठवू शकतो. बाकाच्या पलीकडच्या उच्छलला पाठवायची तर आधी जीएसटी नंबर काढा, मग विवरणपत्रं भरत बसा. नंदुरबार जिल्ह्याची सारी ये-जा सुरतेकडे. दवाखाना तिकडे, कापडाची खरेदी तिकडे, अर्धे नातेवाईक तिकडे. गिऱ्हाईकही तिकडेच. ज्यांनी नियम केला त्यांच्यासमोर बहुधा मुंबई-पुण्याचा नकाशा असावा.

[दृश्य: मोबाइलची स्क्रीन. 'घरबसल्या रोज कमवा' असा मेसेज.]

इथे थोडं थांबूया, कारण आप्पांचा प्रश्न सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तो इथे.

टेलिग्रामवर ग्रुप असतो. व्हिडिओ लाइक करा, हॉटेलला पाच तारे द्या, आणि खरोखर पहिल्या दिवशी खात्यात शे-दीडशे रुपये येतात. येतात म्हणूनच माणूस फसतो. मग 'प्रीपेड टास्क': दोन हजार भरा, अठ्ठावीसशे मिळतील. तेही मिळतात. मग वीस हजार, मग पन्नास. स्क्रीनवर आकडा फुगत जातो, काढायला गेलं की म्हणतात, आधी टॅक्स भरा. लाइकचे पैसे इथे कोण देतं? जाहिरातदार नाही, गिऱ्हाईक नाही. तुमच्यामागून ग्रुपमध्ये आलेला माणूस देतो, आणि शेवटी तुम्हीच. असं झालं तर लाजून गप्प बसू नये, ताबडतोब 1930 या क्रमांकावर फोन करावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळतात. जितक्या लवकर तक्रार, तितकी ते गोठवण्याची शक्यता जास्त.

'ऑनलाइन कमवायला शिकवतो' म्हणणाऱ्यांचे महागडे कोर्स गुन्हा नव्हेत. पण तिथेही विचारायला काय हरकत आहे, की गुरुजी, तुमची कमाई त्या धंद्यातून येते की आमच्या फीतून?

[दृश्य: अमळनेर. गावातला जुना बाजार, मग बोरी नदीचा पूल.]

29 डिसेंबर 1945. वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची कंपनी महंमद हाशम प्रेमजींनी काढली, वनस्पती तुपाची, इथे अमळनेरला. पुढे तिचं नाव झालं विप्रो आणि ती कॉम्प्युटरच्या धंद्यात शिरली. गावातल्या ज्या घरांनी तेव्हा शेअर घेतले आणि पेटीत ठेवून दिले, त्यांच्याबद्दल अमळनेरात आजही चवीनं बोलतात. त्याच गावात ज्यांनी कारखान्यात घाम गाळून पगार घेतला, त्यांना पगार मिळाला.

अहिराणी गाण्यांच्या धंद्यात आज नेमका हाच घोळ आहे. गायकाला गाण्याचं एकदाच मानधन मिळतं. कवीला त्याहून कमी, नाचणाऱ्या पोरीला त्याहूनही कमी. गाणं चढतं एखाद्या कंपनीच्या चॅनलवर. मग कुठल्याशा डीजेनं ते वाजवून व्हिडिओ टाकला, की यूट्यूबची यंत्रणा सूर ओळखते आणि त्या व्हिडिओवरच्या जाहिरातीचे पैसेही हक्कदाराकडे वळवू शकते. गाणं दहा वर्षं वाजलं तर दहा वर्षं. हक्कदार म्हणजे करारात ज्याचं नाव आहे तो. गळा कुणाचा, हे यंत्रणा विचारत नाही.

आता काही गायक शहाणे झालेत. स्टुडिओचं भाडं स्वतः भरतात, गाणं स्वतःच्या चॅनलवर टाकतात. त्यात पहिलं वर्षभर पैसे खिशातूनच जातात. सदस्य जमेपर्यंत जाहिरात नाही, जाहिरात नाही तोवर वाटा नाही. ज्याला तेवढी कळ काढणं परवडत नाही, त्यानं कंपनीला गाणं द्यावं, पण सही करण्याआधी कागदावर दोन जागा शोधाव्यात. हक्क किती वर्षांसाठी जातोय, आणि जाहिरातीच्या कमाईत आपला टक्का लिहिलाय का. रकाना कोरा असेल तर पेन मागून घ्यावं.