चौथी सीट

नमस्कार श्रोतेहो.

डोंबिवलीहून सुटणाऱ्या लोकलमध्ये लेडीज डब्यातल्या बाकावर तिघी टेकतात आणि चौथी अर्धी बाहेर बसते. सगळा भार एका मांडीवर. धडधाकट बाईला त्याचं काही वाटत नाही. माझी कंबर गेली सहा वर्षं दुखतेय. कुर्ला येईपर्यंत डाव्या पायाला मुंग्या येतात आणि मी उठून उभी राहते. समोरची एक ताई म्हणाली, "अगं, मिळालेली सीट सोडतेस?" तिला काय सांगणार?

तीन महिन्यांच्या वर टिकलेल्या दुखण्याला डॉक्टर जुनाट वेदना म्हणतात. अनेकदा मूळ इजा भरून आली तरी मज्जासंस्था इतकी हळवी होऊन बसते की साध्या हालचालीनेही कळ उठते. म्हणून अशा वेळी एमआरआयमध्ये फारसं काही दिसत नाही, आणि दुखणं मात्र खरंच असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगांच्या यादीत या वेदनेला स्वतःची जागा मिळाली. ऑफिसात अजून ऐकू येतं, "रिपोर्ट नॉर्मल आहे ना, मग?" २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत, नुसत्या कंबरदुखीचं नाव त्यात नाही. म्हणजे दिव्यांगांच्या डब्यातही आम्हाला चढता येत नाही.

रजा किती घेणार? आम्ही कामावर जातोच. आकड्यांची बेरीज दोनदा करतो, खालच्या ड्रॉवरमधली फाइल काढायचं दुपारपर्यंत टाळतो. संध्याकाळी पोळ्या लाटताना ओट्याला टेकून उभं राहायचं. रात्री कूस बदलताना जाग येते आणि सकाळी त्या अपुऱ्या झोपेची चिडचिड लेकावर निघते. मला सर्वांत जास्त तेच लागतं.

मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या रोज मनाने घेऊ नका, पोटावर आणि किडनीवर बेततं. मीही ती चूक केली. परळच्या केईएमसारख्या मोठ्या रुग्णालयांत भूलतज्ज्ञांचं पेन क्लिनिक असतं. तिथे औषधांबरोबर व्यायाम, झोप, मनावरचा ताण, सगळ्याचा विचार होतो.

गेल्या महिन्यात धीर करून साहेबांना सांगितलं. शिपाईदादांनी फायली वरच्या कप्प्यात लावल्या, पाच मिनिटांत. मग लोकलमधल्या त्या ताईंनाही सांगितलं. आता कुर्ला आलं की त्या माझी पिशवी न विचारता मांडीवर घेतात.