सिद्धेश्वर तलावाचा फेरा आणि मेंदूचं आरोग्य

[दृश्य: सोलापूर, सिद्धेश्वर तलावाचा काठ, पहाट]

मेंदूसाठी चाला, असं सांगणारे तलावावर पुष्कळ भेटतात. किती आणि कसं, ते मात्र मोघमच राहतं.

२०११ साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ५५ ते ८० वयाचे १२० जण. एक गट आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटं चालला, दुसऱ्यानं अंग ताणण्याचे हलके व्यायाम केले. वर्षभरानं चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणींशी निगडित असलेला मेंदूचा भाग, सुमारे २ टक्के वाढला. दुसऱ्या गटात तो १.४ टक्के घटला.

बहुतेक जण इथंच थांबतात. पण २०२२ साली ५८५ ज्येष्ठांवरच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. विसरायला होतं अशी तक्रार, पण डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा आजार नाही, अशी ही माणसं. कुणाला व्यायाम, कुणाला माइंडफुलनेस, म्हणजे श्वासाकडे लक्ष देऊन बसण्याचा सराव, कुणाला दोन्ही, तर कुणाला नुसती आरोग्याची माहिती. सहा महिन्यांनी तपासलं, अठरा महिन्यांनीही. स्मरणशक्तीत गटागटांत ठळक फरक दिसला नाही.

तेव्हा चालण्यानं स्मरणशक्ती वाढेलच, ही हमी कुणी देऊ नये. चालण्यानं रक्तदाब आणि साखर आटोक्यात राहायला मदत होते, आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांना त्याचा फायदा होतो. आमच्या मते चालायला एवढं कारण पुरे.

[दृश्य: चालणारी पावलं]

पाच मिनिटं सावकाश, वीस मिनिटं झपझप, शेवटी पाच मिनिटं पुन्हा सावकाश. झपझप म्हणजे मिनिटाला शंभरेक पावलं. पंधरा सेकंदांत पंचवीस मोजा. बोलता यावं, गाता येऊ नये. आठवड्याला किमान १५० मिनिटं भरली पाहिजेत. ओळखीचं कुणी भेटलं की थांबून गप्पा, म्हणजे वेग मोडला. पहिल्याच दिवशी तासभर चालणाऱ्याचे गुडघे आठवड्यात बोलू लागतात. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघण्याआधी डॉक्टरांना विचारावं. एप्रिल-मेमध्ये ऊन चढायच्या आत घरी. छातीत दाटलं तर तिथंच थांबायचं.

[दृश्य: विडी वळणारे हात]

दिवसभर विड्या वळणाऱ्या बाईचे हात थांबत नाहीत, पण मांडी मोडत नाही. त्याला व्यायाम धरता येत नाही. तासाभरानं उठून दहा वेळा खुर्चीवरून उठबस केली, तरी मांड्यांना काम मिळतं.

माइंडफुलनेससाठी वेगळी जागा लागत नाही. दहा मिनिटं बसा, श्वास आपोआप चालू द्या, पोटाची हालचाल जाणवू द्या. मन भरकटलं, हे लक्षात आलं की परत आणा. भरकटणं म्हणजे चूक, असं समजून लोक चार दिवसांत सोडून देतात. खरं तर परत आणणं हाच सराव. रात्रपाळीनंतर डोळे मिटले तर झोपच लागते, म्हणून ते उघडे ठेवा. घाबरं वाटलं तर तळपायांच्या स्पर्शाकडे लक्ष न्या.

[दृश्य: यंत्रमागाचा कारखाना, खडखडाट]

चादरीच्या कारखान्यात मात्र आधी कानांकडे बघावं लागेल. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये डिमेन्शियाचे टाळता किंवा कमी करता येण्याजोगे चौदा धोके सांगितले. कमी ऐकू येणं त्यांतलंच एक. कानात कापसाचा बोळा घालून मागाचा आवाज पुरेसा अडत नाही. फोमचे इअरप्लग घ्या. बोटांनी वळून बारीक करायचे, दुसऱ्या हातानं कान वर-मागे ओढायचा, प्लग आत सरकवून तो फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवायचा. अर्धा बाहेर राहिला, तर आवाज आत येतोच.