दोनशे चौदा कोटींच्या घरातली मूळ संख्या

चाळीसगावात गणितावर बोलायचं तर जवळच्या पाटण गावाचं नाव आधी घ्यायला हवं. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला. शके ११२८ च्या शिलालेखात त्याची नोंद आहे. ज्या मुलखात आठशे वर्षांपूर्वी गणिताचे पाठ चालत, तिथल्या पोरांना हा विषय परका वाटू नये, एवढी माझी तळमळ आहे.

आता फळ्याकडे बघा: २,१४,७४,८३,६४७. म्हणजे २ चा ३१वा घात, त्यातून १ वजा. ही मूळ संख्या आहे, हे स्विस गणिती ऑयलरने १७७२ मध्ये दाखवलं. तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. हिचं वर्गमूळ ४६,३४० च्या पुढे जरासं. विभाजक असलाच तर एक तरी तिथपर्यंत सापडतोच, पण तिथपर्यंत मूळ संख्याच सुमारे ४,८०० आहेत. एवढे भागाकार त्याने केले नाहीत.

का करावे लागले नाहीत, ते लहान उदाहरणात बघू. २ चा ११वा घात वजा १ म्हणजे २०४७. घातांक ११ मूळ आहे, पण संख्या मूळ नाही: २३ गुणिले ८९. आता २ चे घात ओळीने घ्या आणि २३ ने भागून बाकी लिहा. २, ४, ८, १६, ९, १८, १३, ३, ६, १२, १. अकराव्या पायरीला १ आला, आता पुन्हा तेच चक्र. गणिती फर्माचा नियम सांगतो की २३ मूळ आहे, म्हणून त्याहून एक कमी, म्हणजे बाविसाव्या पायरीलाही १ यायलाच हवा. म्हणून अकराच्या चक्राने २२ ला पूर्ण भाग जातो. ८९ चंही तेच, तिथे ८८. थोडक्यात, विभाजकातून १ काढला की उरलेल्याला घातांकाने भाग गेलाच पाहिजे. कसली देखणी गोष्ट आहे ही! संख्येच्या घडणीवरूनच कळतं, विभाजक कुठे शोधायचे.

दुसरी अट अशी की मूळ विभाजकाला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरते. तिचं कारण वर्गशेषांत, म्हणजे वर्गसंख्यांना भागून उरणाऱ्या बाक्यांत आहे, आज त्यात शिरत नाही. दोन्ही अटी लावल्या की ऑयलरपुढे पावणेचारशेच्या आतच संख्या उरतात, आणि त्यांतल्या मूळ तेवढ्याच तपासायच्या.

हीच संख्या आज संगणकांत बसली आहे. ३२ बिटांत, म्हणजे ० किंवा १ च्या ३२ घरांत, ऋण-धन पूर्णांक ठेवले तर सगळ्यात मोठा हाच. १ जानेवारी १९७० पासून अशा ३२ बिटांत सेकंद मोजणारी संगणकांतली जुनी घड्याळं १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या वेळेने सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी, या आकड्याशी येऊन थांबतात.

आता तुम्ही एक करा: ८१९१, म्हणजे २ चा १३वा घात वजा १. वर्गमूळ ९० च्या किंचित पुढे. विभाजकातून १ काढून १३ ने भाग जायला हवा, आणि तो विषमही हवा. म्हणून २७, ५३, ७९ एवढेच उमेदवार. २७ मूळ नाही. ५३ ला ८ ने भागलं की बाकी ५, तोही गेला. उरला ७९. भागा: ७९ गुणिले १०३ म्हणजे ८१३७, बाकी ५४. झालं, एकाच भागाकारात ८१९१ मूळ ठरली.