शेवटचे पाच मिलिग्रॅम

इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयापासून जवळच दवाबाजार आहे. येथून शहरभरातील औषधांच्या दुकानांत जाणाऱ्या खोक्यांमध्ये एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन ही नैराश्यावरची औषधेही असतात. रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर येथील मराठी घरांत त्यांना ‘टेन्शनची गोळी’ म्हणतात, तेही बहुधा हळू आवाजात. हा माहितीपट ही गोळी सुरू करण्याविषयी नाही, ती थांबवण्याविषयी आहे.

माणसाला बरे वाटू लागले, की थांबवण्याचा विषय घरातूनच निघतो. ‘आता छान आहेस ना, मग गोळी कशाला? सवय लागेल,’ असे सासूबाई सुनेला म्हणतात, आणि त्यात काळजीच असते. कधी कोणी ठरवत नसले तरी घरचे सगळे लग्नासाठी पुण्याला निघतात आणि गोळ्यांची स्ट्रिप इंदुरातच राहते. मग दोन ते चार दिवसांत चक्कर, मळमळ, घाम, तुटक झोप, विलक्षण ठळक स्वप्ने, चिडचिड आणि विनाकारण येणारे रडू यांपैकी काही ना काही सुरू होते. अनेकांना मान किंवा डोळे वळवताना डोक्यात क्षणभर करंट लागल्यासारखे वाटते. पित्त झाले असेल, पाणी बदलले असेल, असे म्हणून घरचे त्यावर आल्याचा चहा देतात. चार दिवसांपूर्वी थांबलेली गोळी मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही.

यांतील बहुतेक औषधे मज्जापेशींमध्ये निरोप पोहोचवणारे सेरोटोनिन हे रसायन परत शोषून घेणारी यंत्रणा अडवून धरतात आणि महिनोन्‌महिने मेंदू त्या परिस्थितीशी जुळवून घेत राहतो. अडसर एकाएकी निघाला, की नव्याने जुळवून घ्यायला त्याला वेळ लागतो. व्हेन्लाफॅक्सिन काही तासांत आणि पॅरोक्सेटिन साधारण एका दिवसात शरीरात निम्मे उरते, म्हणून त्यांचा त्रास लवकर आणि अधिक जाणवतो; नैराश्यावरचेच फ्लुओक्सेटिन हे औषध आणि त्यापासून शरीरात बनणारा घटक मात्र काही आठवडे रेंगाळतो. याला व्यसन म्हणणे चूक आहे, कारण येथे औषधाची तलफ येत नाही. ‘काही होत नाही, मनाचे खेळ आहेत’ असे म्हणून तो त्रास उडवून लावणेही तितकेच चूक आहे. सुमारे 21 हजार रुग्णांच्या माहितीचा 2024 साली जो एकत्रित आढावा घेण्यात आला, त्यात औषध थांबवल्यावर 31 टक्के लोकांना लक्षणे जाणवली, तर नुसती औषधहीन गोळी थांबवलेल्यांपैकी 17 टक्क्यांना. तीव्र त्रास साधारण 35 जणांत एकाला झाला.

डोस कमी करण्याची नेहमीची रीत आधी निम्मा, मग पाव आणि मग बंद अशी आहे. मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर या संशोधकांनी 2019 साली दाखवून दिले, की मेंदूवरील परिणाम या हिशेबाने उतरत नाही. याच गटातील सिटालोप्रॅमचे 20 मिलिग्रॅम सेरोटोनिन शोषणाऱ्या त्या यंत्रणेचा सुमारे 80 टक्के भाग अडवतात. डोस 10 वर आणला तरी 70 टक्क्यांच्या आसपास भाग अडलेलाच असतो आणि 5 वर आणल्यावरही निम्म्याहून अधिक. म्हणजे पहिले 15 मिलिग्रॅम काढताना जितका फरक पडतो, त्याच्या दुपटीहून अधिक फरक शेवटचे 5 काढताना पडतो. जिन्याच्या वरच्या पायऱ्या वीतभर उंचीच्या आणि शेवटची कमरेइतकी, असा हा उतार आहे. म्हणूनच ब्रिटनमधील 2022 च्या मार्गदर्शक सूचना प्रत्येक वेळी आधीच्या डोसच्या ठरावीक प्रमाणात घट करण्यास, आणि डोस लहान होत जाईल तशी घटही लहान करण्यास सांगतात. तळाचा हा टप्पा काही आठवड्यांचा किंवा काही महिन्यांचाही असू शकतो, आणि तेथे गोळीच्या तुकड्यांऐवजी द्रवरूप औषध सोयीचे पडते. सावकाश विरघळणारी गोळी तर मोडू किंवा कुटूही नये.

एक दिवसाआड गोळी घेण्याचा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. लवकर उतरणाऱ्या औषधांच्या बाबतीत तो बरोबर नाही, कारण त्यामुळे रक्तातील प्रमाण रोज वरखाली होते आणि जो त्रास टाळायचा तोच दिवसाआड होतो.

आपल्या देशात आणखी एक गोष्ट तपासावीच लागते. एस्सिटालोप्रॅम आणि क्लोनाझेपॅम हे मन शांत करणारे, झोप आणणारे औषध एकाच गोळीत असलेले मिश्रण येथे फार खपते, आणि आपल्या गोळीत दोन औषधे आहेत हे घेणाऱ्याला बरेचदा ठाऊकही नसते. दीर्घकाळ घेतलेले क्लोनाझेपॅम एकदम बंद केल्यास आकडी येऊ शकते. अशा वेळी दोन्ही औषधे वेगवेगळी लिहून घ्यावीत आणि कोणते आधी कमी करायचे ते मानसोपचारतज्ज्ञांनी ठरवावे.

डोस कमी केल्यावर त्रास असह्य झाला, तर डॉक्टरांना विचारून आधीच्या डोसवर परतता येते. बहुधा काही दिवसांतच आराम पडतो आणि पुढची घट अधिक हळू करता येते. काही जणांना डॉक्टर सावकाश उतरणाऱ्या फ्लुओक्सेटिनवर आणून मग ते थांबवतात. घट परीक्षेच्या, लग्नघाईच्या किंवा प्रवासाच्या दिवसांत सुरू करू नये, संध्याकाळनंतर चहा-कॉफी टाळावी आणि चक्कर येत असेल तोवर दुचाकी चालवू नये.

सर्वांत अवघड प्रश्न असतो तो हे आजाराचे पुनरागमन आहे का, हा. घट केल्यावर काही दिवसांतच सुरू झालेली, चक्कर आणि डोक्यातील करंटसारखे झटके यांसह आलेली आणि डोस वाढवताच ओसरणारी लक्षणे बहुधा औषध सुटल्याची असतात. आठवड्यांनी किंवा महिन्यांनी हळूहळू दाटणारी उदासी, कशातच रस न वाटणे, ही आजाराची असू शकतात. दोन्ही एकमेकांत मिसळूनही येतात, म्हणून तारीख, डोस आणि लक्षणे वहीत लिहून ती वही डॉक्टरांना दाखवावी. जगणे नकोसे वाटू लागले, तर पुढच्या भेटीच्या तारखेची वाट पाहू नये. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मराठीतही बोलता येते.