स्लीव्हमोर: थोरल्या डोंगराखालचं रिकामं गाव

नमस्कार मंडळी! आधी हा फोटो नीट बघा. डोंगराच्या पायथ्याशी दगडी घरांची रांग, दीडेक किलोमीटर लांब. ऐंशी ते शंभर घरं असतील आणि एकावरही छप्पर नाही.

हे आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं अ‍ॅकिल बेट, काउंटी मेयो. गावाचं नाव स्लीव्हमोर. आयरिश भाषेत 'स्लीव्ह' म्हणजे डोंगर आणि 'मोर' म्हणजे मोठा. थोडक्यात, थोरला डोंगर. उंची ६७१ मीटर.

स्लीव्हमोर हे तिथलं एक 'टाउनलँड'. नावात टाउन असलं तरी शहराशी काही संबंध नाही. आपल्या सातबाऱ्यावर 'मौजे अमुक' असतं ना, त्याच्या जवळपास जाणारी ही जमिनीची सगळ्यात लहान वाटणी. अख्ख्या आयर्लंडमध्ये अशी साठ हजारांहून जास्त आहेत. काही टाउनलँडांत एकही माणूस राहत नाही, पण नाव आणि हद्द शाबूत! १८२४ पासून ब्रिटिश मोजणी खात्यानं ही नावं नकाशावर चढवली. जॉन ओ'डोनोव्हन नावाचे अभ्यासक गावोगाव फिरून जुन्या माणसांना मूळ नाव विचारायचे, पण कागदावर शेवटी आलं ते इंग्रजी वळणाचं स्पेलिंग.

आता घरात शिरू. एकच खोली. चुना नाही, माती नाही, दगडावर दगड रचलेला. १९९१ पासून इथं पुरातत्त्वाचे विद्यार्थी उत्खनन करत आलेत. काही घरांत जमिनीतून काढलेली गटार आहे, भिंतीत दावं बांधायची कडी आहे. म्हणजे एका टोकाला चूल, दुसऱ्या टोकाला गाय, मधे गटार. गोठा वेगळा नाहीच. अटलांटिकच्या वाऱ्यात गाईची ऊब कोण सोडेल?

घरांच्या आजूबाजूला बघा, गवताखाली लांबच लांब वरंबे दिसतात. हे बटाट्याचे वाफे. जमिनीवर शेणखत नाहीतर समुद्रातलं शेवाळ पसरायचं, त्यावर बेणं ठेवायचं आणि दोन्ही बाजूंची माती फावड्यानं उचलून वर पालथी घालायची. सगळं हातानं. इंग्रजीत याला म्हणतात 'आळशी वाफे'. नाव ठेवणाऱ्यानं फावडं कधी हातात धरलं नसणार!

मग १८४५ साली बटाट्यावर करपा आला. पुढच्या काही वर्षांत आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसं मेली, तितकीच देश सोडून गेली. त्यामुळे स्लीव्हमोर दाखवताना बरेच जण एका वाक्यात उरकतात: 'दुष्काळात मेलेलं गाव.' मला हे पटत नाही. दुष्काळाचा घाव मोठा होता, वाद नाही. पण गाव एका रात्रीत उठलं नाही. माणसं हळूहळू खाली समुद्राकडे, दुआसारख्या वस्त्यांत सरकली. तिथं मासे होते, खताला शेवाळ होतं.

आणि घरं? ती टाकून दिली नाहीत. उन्हाळा आला की खालच्या वस्तीतली पोरं, बाया गुरं घेऊन पुन्हा याच घरांत यायची. गाई डोंगरावर चरायच्या, इथंच धारा काढायच्या, लोणी करायचं. खालची शेतं तेवढे दिवस गुरांपासून मोकळी. या पद्धतीला तिथं 'बूली' म्हणतात. अ‍ॅकिलवर ती थेट १९४० च्या दशकापर्यंत चालली, म्हणजे दुष्काळानंतर जवळजवळ शंभर वर्षं! ज्याला आपण मेलेलं गाव म्हणतो, तिथं आजच्या म्हाताऱ्यांच्या आईवडिलांनी दूध काढलेलं असू शकतं.

आता तिथं मेंढ्या चरतात. उंबरा ओलांडून आत-बाहेर करतात, कुणी हाकलत नाही. तुम्ही गेलात तर एकच करा, भिंतींवर चढू नका. मघाशी म्हटलं ना, चुना नाही. एक दगड निसटला की शेजारचे दहा खाली येतात.