दहा सुया

सकाळचे साडेसात. भडगाव तालुक्यातलं गिरणाकाठचं गाव. ओट्यावर आजी बसलीय, मांडीवर गोधडी आणि शेजारी पत्र्याच्या डबीत दहा सुया, सगळ्यांत दोरा ओवलेला. हे काम माझ्या मुलाचं, शाळेत जायच्या आधी पणजीला दहा सुया ओवून द्यायच्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी सुईचं भोक काही तिला दिसत नाही, पण टाका? तो ती बोटानेच चाचपून घालते, कडेपासून सुरू करून गोल गोल आत, एकसारखा.

वय ८१. वरचा थर जांभळा आहे ना, ते तिच्या आईचं लुगडं.

दोन वर्षांपूर्वी आजोबा गेले आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तिच्या हातातलं काम काढून घेतलं. मायेपोटीच, खरं सांगतो. आता बस, खूप केलं, आराम कर. टीव्ही लावून दिला, रिमोट हातात दिला. महिनाभरात ती दिवसा झोपायला लागली, रात्री टक्क जागी, जेवण अर्ध्या भाकरीवर आलं, बोलणं तर संपलंच. रिपोर्ट सगळे नॉर्मल. आणि एक दिवस पोराने आपली उसवलेली गोधडी तिच्यापुढे नेऊन टाकली, शिवून दे ना म्हणाला, तेव्हा ती आमच्याकडे बघून एवढंच बोलली, "निस्तं बसाडू नका माले." म्हणजे, नुसतं बसवून ठेवू नका मला.

म्हातारपणी माणूस मन लावून काही करत राहिला तर काय फरक पडतो, यावर अमेरिकेत २००१ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला होता, जीन कोहेन नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते त्यांचा. वॉशिंग्टनमध्ये म्हाताऱ्या माणसांचा गाण्याचा ग्रुप केला, सरासरी वय ८० च्या आसपास, दर आठवड्याला खऱ्याखुऱ्या संगीत शिक्षकासोबत तालीम आणि लोकांसमोर कार्यक्रमही. वर्षभराने बघितलं तर न गाणाऱ्यांच्या तुलनेत यांच्या डॉक्टरकडच्या चकरा कमी, पडणं कमी, एकटेपणा कमी. गाण्याने आजार पळतो असा याचा अर्थ नाही, गोळ्या आजीच्याही चालूच आहेत. पण रात्रीची झोप परत आली, हे मी घरात बघितलंय.

आपल्याकडे असे ग्रुप कोणी काढावे लागले नाहीत. श्रावणात कानबाई, आमची खान्देशातली देवी, बसते, नारळाला साज चढतो आणि रात्रभर गाणी. ती गाणी कोणाला येतात? साठी-सत्तरीच्या बायांनाच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावरची गौराईची गाणी, तीही त्यांनाच. पुढची ओळ आठवेना झाली की पलीकडची बाई उचलते.

आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्या १९५१ मध्ये गेल्या, कविता पुस्तकात आल्या १९५२ ला, त्याही घरच्या माणसांनी ऐकून लिहून ठेवल्या होत्या म्हणून. आमच्या गल्लीत किती जणींचं कोणीच लिहून घेतलं नाही, हा विचार आला की पोटात कालवतं.

म्हणून आता पोरगा मोबाईल घेऊन बसतो. आजी टाका घालता घालता गाते, तो रेकॉर्ड करतो, अहिराणी शब्द कळला नाही की मध्येच थांबवतो, मग ती सुई हातात तशीच धरून अर्धा तास समजावते. दुपारपर्यंत आठ सुया संपतात.

संध्याकाळी तो दप्तर टाकतो न टाकतो तोच आतून आवाज येतो, "सकायले लाल दोरा लई येजो रे."