चोरीला गेलेल्या दगडांचं चर्च

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग सांगतात, काळी आणि पांढरी. काळी पिकाची आणि पांढरी माणसांच्या वस्तीची. पिढ्यान्‌पिढ्या चूल, राख, भिंती आणि जनावरं यांनी ज्या मातीचा रंग बदलला, ती पांढरी. पुरातत्त्वाचा निम्मा अभ्यास या एका शब्दात आहे, असं मला नेहमी वाटतं. आज मी तुम्हांला अशाच एका पांढरीवर नेणार आहे, पण ती आहे मध्य युरोपात.

चेक प्रजासत्ताकाच्या दक्षिणेकडे, मोराव्हा नदीच्या पूरमैदानात, मिकुल्चित्से नावाचं गाव आहे. गावाबाहेरच्या एका शिवाराला लोक पूर्वापार ‘वाली’, म्हणजे तटाचे बांध, असं म्हणत. तट कोणी बांधला हे विसरलं गेलं होतं, नाव मात्र टिकलं होतं. 1954 साली पुरातत्त्वज्ञ योसेफ पोउलीक यांच्या नेतृत्वाखाली तिथे उत्खनन सुरू झालं आणि नवव्या शतकातल्या ग्रेट मोराव्हिया या स्लाव राज्याचं एक प्रमुख केंद्र उजेडात आलं. लाकूड आणि माती यांचा गाभा, त्याला बाहेरून दगडांचा दर्शनी थर, अशी त्याची तटबंदी होती. सभोवार नदीचे फाटे होते, आणि बुजलेल्या पात्रांच्या ओल्या गाळात पुलांचे खांब आणि एकाच खोडातून कोरलेल्या होड्या हजार वर्षं न कुजता राहिल्या.

पण मला सांगायचं आहे ते इथल्या चर्चबद्दल. 863 साली राजा रास्टिस्लाव याच्या विनंतीवरून कॉन्स्टंटाइन आणि मेथोडियस हे दोघे भाऊ बायझंटाइन साम्राज्यातून मोराव्हियात आले आणि त्यांनी स्लाव लोकांना त्यांच्याच भाषेत धर्म सांगितला, त्या काळातली ही चर्च. त्यांतलं सर्वांत मोठं, तीन दालनांचं बॅसिलिका, म्हणजे लांबट आराखड्याचं चर्च, सुमारे 35 मीटर लांब होतं. आता तुम्ही विचाराल, त्याच्या भिंती केवढ्या उंचीच्या सापडल्या? बहुतेक ठिकाणी भिंत सापडलीच नाही. दहाव्या शतकाच्या आरंभी राज्य कोसळलं, वस्ती ओसरली, आणि पुढच्या लोकांनी पायाचे दगडसुद्धा उपटून नेले. ओसाड गढीचा दगड नव्या घराला लावणं आपल्याही गावांना नवं नाही.

मग चर्च ओळखलं कसं? दगड काढून नेणाऱ्याने पायाच्या रेषेवरच चर खणला, नको असलेला चुना आणि खडीचा चुरा त्यातच टाकला, आणि कालांतराने चर बुजला. उत्खनक खुरप्याने पृष्ठभाग हळूहळू तासून साफ करतो, तेव्हा गडद मातीत चुनामिश्रित फिकट पट्टा दिसू लागतो, तो सरळ जातो, पूर्वेकडे वळतो आणि वेदीमागची कमान आखतो. भिंत नाही, पण तिची जागा आहे. हा पट्टा ओळखायला हात स्थिर आणि मन संयमी लागतं, कारण फावडं एक वीतभर खोल गेलं की तो पुरावा कायमचा गेला.

भोवतालच्या सुमारे 2,500 कबरींत घोडेस्वाराच्या टाचेला लावायच्या, सोनेरी मुलामा दिलेल्या आरा, तलवारी, कर्णभूषणं आणि ‘गोम्बीकी’ नावाची पोकळ, नक्षीदार गोल बटणं मिळाली. या बटणांकडे पाहिल्यावर दरबारी कारागिराचं कसब लक्षात येतं.

2007 साली उत्खनन केंद्राच्या इमारतीला आग लागली आणि अर्धशतकाच्या संग्रहातला, नोंदींतला मोठा भाग जळाला. जमिनीतून काढलेली वस्तू नोंदीशिवाय मुकी होते, आणि इथे वस्तू आणि नोंद दोन्ही गेल्या. ही मला त्या स्थळाची दुसरी लूट वाटते. पुढे अभ्यासकांनी जुने खड्डे पुन्हा उघडून काही चर्चच्या पायांची फेरतपासणी केली.

नदीपलीकडे, आजच्या स्लोव्हाकियात, कोप्चानी इथे संत मार्गारेटचं छोटं चर्च शेतात उभं आहे. ते नंतरच्या काळातलं असावं असा समज होता, पण भिंतीलगतच्या कबरींनी त्याचं नवव्या-दहाव्या शतकाशी नातं पक्कं केलं. 2019 पासून दोन्ही काठांना जोडणारा पादचारी पूल आहे. मिकुल्चित्सेला जमिनीवर आखलेले चर्चचे आराखडे पाहून तो पूल ओलांडला, की त्याच काळातली भिंत, छपरासकट, समोर येते, आणि तिच्या दगडाला हात लावता येतो.